एका माणसाला सायकली किती?

दिवाळीच्या आधीचा रविवार आमच्याकडे माळा उतरवण्याचा असतो. डबे, पिंपे, पाहुण्यांच्या गाद्या, गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा अशी एकेक वस्तू खाली येते आणि 'ठेवायची की द्यायची?' या एकाच प्रश्नाला तोंड देऊन पुन्हा वर तरी जाते, नाही तर दाराबाहेर. गेल्या वर्षी हे काम दुपारपर्यंतच आटोपले. मग सौभाग्यवती पदर खोचलेल्या तशाच ओसरीवर आल्या आणि भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या. मी काय ते समजलो. ओसरीवर माझ्या सायकली असतात.

"एक, दोन, तीन, चार," तिने मोजल्या. मग खिळ्याला टांगलेल्या, चाके नसलेल्या सांगाड्याकडे बोट करून म्हणाली, "आणि ही?"

"ती सायकल नाही. नुसती फ्रेम आहे."

"म्हणजे साडेचार. अहो, पण पाय दोनच आहेत ना तुम्हाला?"

मी साड्यांचा विषय काढणार होतो. पण वीस वर्षांच्या संसाराने जे थोडेफार शहाणपण दिले आहे, ते ऐन वेळी कामास आले. मी म्हणालो, "प्रत्येकीचं काम वेगळं आहे." आणि खरोखरच ते वेगळे आहे. वाचकांनीच निवाडा करावा.

पहिली वडिलांची. काळी हर्क्युलस, बावीस इंची, सळ्यांचे ब्रेक आणि चाकाला घासून दिवा लावणारा डायनॅमो. वडील टपालखात्यात होते. वाईच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी हिच्यावरूनच मनिऑर्डरी पोचवल्या. १९७१ साली हप्त्याने घेतलेल्या या सायकलीचा शेवटचा हप्ता फिटला, त्या दिवशी घरात शिरा झाला होता, असे आई सांगत असे. आता ती कोणी चालवत नाही. मी महिन्यातून एकदा तेल देतो आणि घंटी वाजवून पाहतो, इतकेच.

दुसरी गिअरची, बारीक टायरांची, एका हाताने उचलावी इतकी हलकी. ती माझ्या दुसऱ्या कादंबरीच्या मानधनातून आणि शिक्षकांच्या पतपेढीच्या कर्जातून आली. (कादंबरी फारशी खपली नाही, सायकल मात्र उत्तम निघाली.) रविवारी पहाटे पसरणीचा घाट चढून पाचगणीला जायचे, तर तीच हवी. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीस दाते आणि मागच्याला अठरा असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक अडीचहून अधिक वेळा फिरते. सपाटीवर हे फार चांगले. घाटात मात्र चाक तेवढे फिरवायला लागणारे बळ माझ्या पंचेचाळिशीच्या गुडघ्यांत नाही. तिथे एका फेऱ्याला एक फेरा पुरे होतो, आणि तो देणारी सायकल वेगळीच असते.

तिसरी रोजची. शाळा, मंडई, दळण. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरियर. तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

चौथीविषयी मात्र मी तासभर सांगू शकेन. ती रॅलेची जुनी लेडीज सायकल. मधली दांडी नाही, साखळी पूर्ण बंद डब्यात, मागच्या चाकाच्या तुंब्यात लपवलेले तीन गिअर. भंगारवाल्याच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून ती उभी होती. तिला माणसात आणायला मला दोन वर्षे लागली. या स्टर्मे-आर्चर तुंब्यांवर कारखान्यात सालाचे आकडे ठोकलेले असतात. गंज खरवडता खरवडता एका रात्री पाच आणि आठ असे दोन आकडे उमटले. १९५८! दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे वाटायचा तेवढा राहिलो. तिच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचे आच्छादन असते. आमच्या गल्लीच्या टोकापलीकडे ती कधी गेलेली नव्हती.

आणि ती फ्रेम. ती स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. तिच्या बाजूने दुसरे काही बोलता येत नाही.

जगभरच्या सायकलवेड्यांत याविषयी एक विनोदी सूत्र रूढ आहे. माणसाजवळ योग्य त्या सायकली किती, तर 'न अधिक एक'. यात 'न' म्हणजे सध्या जवळ असतील तितक्या. त्याला कोणी तरी पुरवणीही जोडली आहे: किंवा 'स वजा एक', यात 'स' म्हणजे जितक्या झाल्यावर बायको घर सोडून जाईल तितक्या. माझे गणित शालांत परीक्षेच्या पुढे गेलेले नाही, आणि चित्रकलेच्या मास्तराला पुढे ते लागलेही नाही. पण पहिल्या सूत्रातली गंमत मलाही कळते. त्यात हवे असलेले कधी जवळ असतच नाही. जे आज 'एक' आहे ते उद्या 'न' मध्ये जमा होते, आणि नवे 'एक' दारात येऊन उभे राहते. आपण हसतो खरे, पण पतपेढीचा अर्ज भरताना मी हसत नव्हतो.

आमच्या पेठेत धान्याचे एक जैन व्यापारी आहेत. संध्याकाळी गिऱ्हाईक कमी झाले की त्यांच्या गादीवर बसून मी गप्पा मारतो. सौभाग्यवतीचा हिशेब मी त्यांना सांगितला. ते म्हणाले, "सर, साधूचा अपरिग्रह वेगळा. त्याला काहीच ठेवायचं नाही. आम्हा गृहस्थांना ते जमायचं नाही, हे शास्त्रकारांना ठाऊक होतं. म्हणून आमचं पाचवं अणुव्रत आहे परिग्रहपरिमाण. जमीन किती, घरं किती, सोनं किती, याची मर्यादा आपली आपण बांधायची."

"शास्त्रात आकडा किती दिलाय?"

"आकडा तुमचा. फक्त हाव सुटायच्या आधी ठरवायचा. सुटल्यावर ठरवला तर तो हावच ठरवते."

मी विचारले, "आणि तुमच्या गोदामातल्या पोत्यांचं काय, शेठजी?"

ते हसले. "माझी पोती येतात आणि जातात. तुमच्या सायकली येतात, जात नाहीत."

घरी येऊन मी तीन हा आकडा मुक्रर केला. मग ओसरीवर जाऊन मोजदाद केली. वडिलांची सायकल ही आठवण आहे, वाहन नव्हे; ती वगळली. फ्रेम ही सायकल नव्हेच. उरल्या बरोबर तीन! मला फार बरे वाटले. दुसऱ्या संध्याकाळी मोठ्या उमेदीने हा हिशेब शेठजींना सांगितला, तेव्हा त्यांनी तराजूचे पारडे पुसता पुसता सांगितले की, ही युक्तीही जुनीच आहे. दोन शेतांची मर्यादा घेतलेल्या माणसाला शेजारचे तिसरे शेत मिळाले की तो मधला बांध काढून टाकतो आणि म्हणतो, शेते दोनच आहेत. व्रत घेणारा माणूस ते कसे मोडील, याचाही त्यांच्या ग्रंथकारांनी आधीच विचार केला होता, आणि बांध काढण्याचा हा दोष नाव देऊन नोंदवून ठेवला होता. बांध काढणाऱ्या त्या शेतकऱ्याशी माझे नाते जुळले. पण समाधान गेले.

तरी मी स्वतःला फार झोडपायला तयार नव्हतो. संग्रह वाईट, हे म्हणताना आपण आनंदालाही वाईट म्हणून मोकळे होतो, असा मला संशय आहे. टॉलस्टॉयची एक प्रसिद्ध गोष्ट आहे, माणसाला जमीन किती लागते, याची. ती १८८६ सालची. सूर्य मावळेपर्यंत जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढी तुझी, असा सौदा मिळालेला शेतकरी धावत सुटतो, छाती फुटून मरतो, आणि शेवटी त्याला डोक्यापासून टाचेपर्यंत मावण्याइतकीच जमीन लागते. गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण तीच लिहिणारा हा म्हातारा १८९५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मॉस्कोत सायकल शिकला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचा सर्वांत धाकटा मुलगा सातव्या वर्षी तापाने गेला होता, त्याला फार दिवसही झाले नव्हते. त्याच्या एका शिष्याने आपल्या टिपणात शंका काढली की, हे सायकल चालवणे गुरूच्या धर्मविचाराशी विसंगत तर नाही? मला त्या शिष्याचा राग येतो. मूल गमावलेला बाप दोन चाकांवर तोल सावरीत एखादा तास वारा अंगावर घेत असेल, तर त्या तासाचा हिशेब मागणारे आपण कोण? आता त्याची ती सायकल मॉस्कोतल्या त्याच्या घराच्या संग्रहालयात आहे. अर्थात ती एकच होती, हे मला मान्य केले पाहिजे.

एवढ्यावर हा प्रश्न मिटला असता, किंवा दरवर्षी माळ्याबरोबर उतरून पुन्हा वर गेला असता. पण दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आठवीच्या वर्गाला मी सांगितले, "आठवणीने सायकल काढा. खिडकीतून डोकावायचं नाही."

हा माझा आवडता पाठ आहे. रोज दिसणारी वस्तू आपण किती कमी पाहिलेली असते, हे मुलांना त्यातून चांगले कळते. मुलांनाच कशाला, २००६ साली इंग्लंडातल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी प्रौढांवर हाच प्रयोग केला होता. पुष्कळांनी चौकट पुढच्या चाकाला नेऊन भिडवली, कोणी साखळी दोन्ही चाकांना गुंडाळली, आणि चुकणाऱ्यांत रोज सायकल चालवणारेही होते. पुढचे चाक चौकटीला जखडले, तर ती सायकल जन्मात वळणार नाही! आमच्या वर्गातही तसेच झाले. जी मुले सायकलीवरून शाळेत येतात, त्यांच्याही वह्यांत न वळणाऱ्या, न चालणाऱ्या, पण ऐटबाज सायकली उमटल्या.

शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीची वही मात्र मी हातात घेतली ती खाली ठेवता येईना. साखळी जिथल्या तिथे होती. चिमटा हँडलाला धरून वळेल असा होता. पण ती कुठलीही सायकल नव्हती. टोपलीची एक तार तुटलेली, ती तांब्याच्या तारेने बांधलेली. स्टँडच्या डाव्या पायाला वेल्डिंगची गाठ. ती गाठ डाव्या पायाला आहे की उजव्या, हे मला सांगता आले नसते. मधल्या सुटीत बाहेर लिंबाखाली जाऊन पाहून आलो. डाव्याच पायाला होती. जिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही असे मी वर म्हटले, ती माझी तिसरी सायकल मी त्या दिवशी प्रथम त्या मुलीच्या वहीत पाहिली.

"तुझ्याकडे सायकल आहे का गं?"

"नाही, सर."

"मग इतकी नीट कशी काढलीस?"

"रोज बघते की, सर."

ती वरच्या वाडीची. साडेचार किलोमीटर येते, साडेचार जाते, पायी. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा आठवीनंतर सुटली, हे मला ठाऊक होते. चित्रकलेच्या तासाला तीही माझ्यापुढे बसलेली होती. कारण विचारावे असे मला तेव्हा सुचले नव्हते. बिहारात २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे अभ्यासकांनी तपासले, तर त्या वयाच्या मुलींची शाळेतली नोंदणी सुमारे तीस टक्क्यांनी वाढलेली दिसली. मधले अंतर तेवढेच राहिले होते. फक्त दोन चाके आली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल ही श्रीमंतांची चैन होती. वडिलांच्या काळी ती पोटापाण्याचे साधन झाली. आता तिच्या दोन जाती झाल्या आहेत: एक लाखांत विकत घ्यायची, आणि एक नसलेली. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास निम्म्या घरांत सायकल आढळली. म्हणजे उरलेल्या निम्म्यांत एकही नाही. काहींना तिची गरज उरलेली नाही हे खरे, पण ती वाडी त्या काहींत मोडत नव्हती.

त्या रात्री जेवताना मी घरी सगळे सांगितले. सौभाग्यवतीने फक्त विचारले, "कुठली?"

फ्रेम देऊन उपयोग नव्हता. गिअरची द्यावी, तर वाडीच्या खडीच्या वाटेवर ते बारीक टायर दोन दिवस टिकले नसते. वडिलांची? तिची दांडी उंच, वजन फार. पण ही कारणे मी नंतर शोधली. आधी 'नाही' आले, मग कारणे आली. हे लिहून ठेवणे बरे. उरली रॅले. मधली दांडी नाही, साखळीत ओढणी अडकायची भीती नाही, चढावाला तीन गिअर! जणू त्या मुलीसाठीच १९५८ साली घडवली होती. मला झोप आली नाही, आणि खरे सांगायचे तर त्या जागरणात दुःखापेक्षा सुखच अधिक होते. आपण आपली सर्वांत लाडकी वस्तू देणार! लुगडे बाजूला सारताना आपला चेहरा कसा असेल, हेही मी पाहून घेतले. कादंबरीकाराला अशी खोड असते.

सकाळी रॅले घेऊन सायकलदुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. ब्रेक घट्ट करून द्या म्हणालो आणि कारण सांगितले. चाचांनी तुंब्यातून निघालेली गिअरची बारीक साखळी बोटावर घेतली.

"सर, ही तुटली तर वाईत कुणाकडं मिळंल?"

मी गप्प राहिलो. ती मला इंग्लंडातून मागवावी लागली होती.

"पोरगी सांजच्याला वाटंत अडकली म्हंजी? तुमची रोजची द्या की. तिचं समदं सामान माझ्या डब्यात हाय. पाच-दहा रुपयांचं काम."

कठोपनिषदाच्या आरंभी नचिकेत्याचा बाप यज्ञात गायी दान करतो. त्या गायींचे पाणी पिऊन झालेले, गवत खाऊन झालेले, दूध आटलेले. पोराला ते पाहवत नाही आणि तो 'मला कोणाला देणार?' म्हणून बापाच्या मागे लागतो. लहानपणापासून ही गोष्ट मी चिक्कू बापाची गोष्ट म्हणून सांगत आलो. चाचांच्या दुकानातून परतताना वाटले, त्या बापाने रागाने हट्टाला पेटून गोठ्यातली सर्वांत देखणी, सोन्याच्या शिंगांची गाय एखाद्या ब्राह्मणाला दिली असती आणि त्याच्या घरी तिला घालायला वैरणच नसती, तर? तिथेही घेणाऱ्याकडे कोणी पाहिले नव्हतेच.

रोजची सायकल द्यायची, हे ठरल्यावर माझे सुख एकदम नाहीसे झाले. ती सायकल लाडकी नव्हती, टाकाऊही नव्हती; ती नुसती लागणारी होती. सोमवारी शाळेत कशावरून जायचे? दळण कशावरून आणायचे? साडेचार सायकलींच्या मालकाला हा प्रश्न पडला, आणि तो खरा होता.

मुलीचे वडील शनिवारी आले. ते दुसऱ्याच्या शेतात हळदीच्या कामाला जातात. सायकलीभोवती एक फेरी मारून त्यांनी टायर दाबून पाहिले आणि म्हणाले, "फुकट नको, गुरुजी." मी पुष्कळ सांगितले. ते ऐकेनात. अखेर हजार रुपये ठरले, महिन्याला शंभर. सौभाग्यवतीने पहिली शंभराची नोट घेतली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने 'पोचले' असे लिहिले. मला आत बोलावून म्हणाली, "तोंड कशाला पाडताय? दान बुडालं म्हणून?" वीस वर्षांत माणसाचे मन वाचायला येते ते असे.

मुलगी पहिले आठ दिवस सायकल हातात धरून चालत आली. उतारावर भीती वाटते, म्हणाली. नवव्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच लिंबाखाली सायकल उभी होती, आणि टोपलीची तार नव्या पितळी तारेने बांधलेली होती. यंदा ती नववीत आहे.

सोमवारपासून मी रॅलेवरून शाळेत जाऊ लागलो. दुसरा उपायच नव्हता. पहिला ओरखडा मंडईत कांद्याच्या टेंपोने काढला. त्या रात्री मी जेवलो नाही. पावसाळ्यात साखळीच्या डब्यावर चिखलाचे थर बसले. आईचे लुगडे आता सीट पुसायला कामास येते. गिअरची साखळी एकदा तुटलीच, भर चौकात, आणि मी अडीच किलोमीटर ढकलत आलो. चाचा दुकानातून पाहत होते, पण काही बोलले नाहीत.

असे असले तरी शेठजींपुढे बसायला मी आता बिचकत नाही. वडिलांची मोजली तरी सायकली तीन आहेत, बांध न काढता. परवा माळा उतरला तेव्हा सौभाग्यवती पुन्हा ओसरीवर आल्या, मोजल्या, आणि खिळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ही?"

"ती अजून फ्रेमच आहे," मी म्हणालो.

हे खरे आहे. गेल्या महिन्यात पुण्याला गेलो असता जुन्या बाजारात तिला नेमकी बसणारी चाकांची एक जोडी दिसली. ती सध्या चाचांच्या दुकानात मागच्या बाजूला ठेवली आहे. वरच्या वाडीवरून यंदा आणखी दोघी आठवीत आल्या आहेत. ती फ्रेम चाकांवर उभी राहिली, तर त्यांच्यापैकी एकीची होईल की माझी चौथी, हे मी चाके घेताना ठरवले नव्हते आणि अजूनही ठरवलेले नाही. घरी यातले काही ठाऊक नाही. हा अंक घरी आला, म्हणजे कळेल.